घरापुरती बाग आखायची, तर मोजणी मे महिन्यापासून

पाऊस तोंडावर आला की रोपवाटिकांत गर्दी उसळते. आंब्याची दोन कलमं, चार पेरू, एक नारळ, जाता जाता मोगरा. रोपं घरी येतात आणि मग ती लावायची कुठे याचा विचार सुरू होतो. जून ते डिसेंबर सगळं झकास चालतं. फेब्रुवारीत विहिरीचं पाणी खाली जाऊ लागतं, एप्रिलमध्ये पाइप ओढून ओढून घरातली माणसं कंटाळतात आणि मे महिन्यात निम्मी रोपं वाळून जातात. पुढच्या जूनमध्ये पुन्हा रोपवाटिका. दरवर्षी कितीतरी जणांच्या उमेदीचं असं होतं आणि ते टाळता येतं. बाग जूनच्या पाण्याकडे बघून आखलेली असते, जगायचं मात्र तिला मेच्या पाण्यावर असतं. या लेखात सगळा हिशोब उलट्या बाजूने, म्हणजे मे महिन्याकडून मांडला आहे.

अशा आखणीची एक रीत म्हणजे पर्माकल्चर, निसर्गाच्या कलाने शेत-बाग आखायची पद्धत. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी १९७८ साली ऑस्ट्रेलियात तिची मांडणी जगापुढे ठेवली. पुढे मॉलिसन भारतात येऊन शिकवून गेले, दक्षिणेत ही पद्धत रुजली आणि २०१७ साली तिचं आंतरराष्ट्रीय संमेलन हैदराबादला भरलं. तिचा गाभा सोपा आहे. पाणी कुठून वाहतं, ऊन कुठे किती वेळ असतं, वारा कोणत्या बाजूने झोडपतो, घरातली माणसं रोज कुठून ये-जा करतात, हे आधी बघायचं. मग प्रत्येक गोष्ट अशा जागी बसवायची, की एकीचं टाकाऊ ते दुसरीच्या कामी यावं.

कोकणात आणि गोव्यात कुळागर पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. वर माड-पोफळी, पोफळीवर मिरवेल, मध्ये केळी, खाली हळद, अननस, अळू आणि या सगळ्यांतून खेळणारं पाटाचं पाणी. कोल्हापूरकडचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून दाखवलं, की नीट जोपासलेल्या दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब उभं राहू शकतं. त्यांचा भर पानांनी पकडलेल्या उन्हाच्या मोजदादीवर होता. तेव्हा कल्पना आपल्याकडे होत्याच. पर्माकल्चरकडून घेण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे कामांचा क्रम: आधी पाणी, मग वाट, मग झाडं आणि शेवटी भाजी. आपण बहुतेक जण नेमके भाजीपासून सुरुवात करतो.

उदाहरणासाठी एक जमीन डोळ्यासमोर ठेवू. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात असते तशी एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे. मुरमाड ते मध्यम पोत, पश्चिमेकडून पूर्वेकडे हलका उतार, वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस. घर वरच्या, पश्चिमेच्या अंगाला. विहीर खालच्या कडेला, फेब्रुवारीनंतर तिचा भरवसा नाही. घरात चार माणसं.

पाण्याचा हिशोब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं की बाकी सगळं वहीवर मांडता येतं. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. ६०० मिलिमीटरने गुणलं तर आपल्या एकरावर वर्षाला जवळपास २४ लाख लिटर पाणी पडतं. दुष्काळी म्हणवणाऱ्या भागातला हा आकडा आहे. पाणी पडतं भरपूर, पण ते चार महिन्यांत पडतं आणि त्यातलं बरंचसं त्याच दिवशी बांधाबाहेर निघून जातं.

आता गरज बघू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारसूचनांनुसार माणशी रोज सुमारे ४०० ग्रॅम भाजी हवी. चार माणसांना दिवसाला १.६ किलो, वर्षाला ५८० किलोच्या आसपास. पालटून पालटून पिकं घेतली तर एका चौरस मीटरमधून वर्षाला तीन किलो भाजी धरायला हरकत नाही. म्हणजे साधारण २०० चौरस मीटर वाफे लागतील, वाटा धरून तीन गुंठे. एक एकर घेतलेली माणसं पहिल्याच वर्षी अर्ध्या एकरात भाजी लावतात आणि तणात बुडतात, त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. घरची भाजी तीन गुंठ्यांचा विषय आहे.

पण हे तीन गुंठे मे महिन्यात भिजवायचे तर? आच्छादन असलेल्या भाजीच्या वाफ्याला कडक उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज पाच लिटर धरा. २०० चौरस मीटरला रोज १,००० लिटर झाले. विहीर तळाला गेली असताना हे आणणार कुठून?

म्हणून बाग ऋतूप्रमाणे लहान-मोठी होईल अशीच आखायची. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तीन गुंठे, मार्च उजाडला की एक गुंठा. उन्हाळ्यात फक्त ७० चौरस मीटर वाफे चालू ठेवले तर रोजचं पाणी ३५० लिटरवर येतं. आता घराचं छप्पर बघा. ५० चौरस मीटर पत्र्यावर ६०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ३०,००० लिटर. गळती, उडणं आणि पहिल्या सरींचं घाण पाणी सोडून दिलं तरी २४,००० लिटर हाती लागतं. ते झाकलेल्या टाकीत साठवलं आणि १ एप्रिलला तोटी उघडली, तर ३५० लिटरच्या हिशोबाने ६८ दिवस पुरतं. म्हणजे जूनचा पहिला आठवडा. उन्हाळी बागेचं सगळं पाणी घराच्या छपरातून निघतं आणि घर वरच्या अंगाला असल्यामुळे ते मोटारीशिवाय खाली येतं. एवढी टाकी बांधणं खर्चाचं काम आहे, हे खरंच. पण निम्मी टाकी बांधली तर उन्हाळी वाफेही निम्मे करायचे. गणित तेच राहतं. छप्पर लहान असेल, पाऊस ४०० मिलिमीटर असेल, तर आपापले आकडे घालून बघा.

शेततळ्याबद्दल इथेच सांगायला हवं. दहा बाय दहा मीटरचं, तीन मीटर खोल, उतरत्या कडांचं तळं दीड लाख लिटरच्या आसपास पाणी धरतं. आकडा मोठा आहे. पण उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी रोज सात-आठ मिलिमीटर नुसत्या बाष्पीभवनाने उतरते. शंभर चौरस मीटरच्या तळ्यातून रोज ७०० ते ८०० लिटर हवेत जातं, म्हणजे आपल्या उन्हाळी बागेला लागतं त्याच्या दुप्पट. तेव्हा तळ्याचं पाणी मेसाठी राखून ठेवणं हा तोट्याचा व्यवहार आहे. तळं रब्बीला वापरून मार्चपर्यंत संपवावं आणि झाकलेली टाकी त्यानंतर उघडावी. उघडं पाणी आधी, झाकलेलं शेवटी.

तिसरा साठा मोरीचा. चार माणसांच्या घरातून आंघोळीचं, भांड्यांचं मिळून दिवसाला दीडशे लिटर पाणी सहज निघतं. आपल्या आज्यांनी मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ लावली ती काही शोभेसाठी नाही. केळीला उन्हाळ्यात झाडामागे पंधरा-वीस लिटर लागतात, त्यामुळे सहा केळी आणि अळूचा एक पट्टा या पाण्यावर वर्षभर जगतो. मोरीच्या पुढे दोन हात रुंद, कमरेइतका नाही पण गुडघाभर खोल खड्डा घ्यायचा, तळाला विटांचे तुकडे, वर पालापाचोळा, कडेने केळी आणि कर्दळ. हे पाणी कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, काकडी यांना घालू नये. कपडे धुतलेलं साबणाचं कडक पाणीही यात सोडू नये.

जमिनीच्या पोटातलं पाणी

सगळ्यात मोठी टाकी मात्र माती आहे. चांगल्या मध्यम पोताची मीटरभर खोल माती शंभर ते दीडशे मिलिमीटर पाणी झाडांना उपयोगी पडेल असं धरून ठेवते. एकराच्या हिशोबात ते चार ते सहा लाख लिटर होतं आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. पाणी तिथपर्यंत मुरवणं एवढंच आपलं काम. त्यासाठी उताराला आडवे, समपातळीतले चर घ्यायचे.

समपातळी डोळ्याने दिसत नाही. उतार उजवीकडे वाटतो आणि पाणी डावीकडे जातं. ती काढायला महागडं यंत्र लागत नाही. सात फुटांचे दोन सारखे बांबू वर एकत्र बांधायचे, मधोमध एक आडवी काठी बांधायची आणि शेंड्यापासून दोरीला दगड लटकवायचा. झाली ए-फ्रेम. आता तिचे दोन पाय दोन खुंट्यांवर ठेवून दोरी आडव्या काठीवर जिथे टेकते तिथे कोळशाने खूण करा. पायांची अदलाबदल करून त्याच खुंट्यांवर पुन्हा उभी करा, दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण, ती समपातळीची. मग शेताच्या एका कडेपासून चालायला लागायचं: एक पाय रोवायचा, दुसरा असा वर-खाली सरकवायचा की दोरी तिसऱ्या खुणेवर येईल, तिथे खुंटी ठोकायची, पुढे फिरायचं. वारा असेल त्या दिवशी दोरी हलत राहते, म्हणून हे काम सकाळी लवकर करावं. तासाभरात शेतभर खुंट्यांची एक वळणदार ओळ उभी राहते. रोज पायाखालची जमीन खरी कशी आहे, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळतं.

त्या ओळीवर साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चर घ्यायचा, माती खालच्या अंगाला टाकून बांध करायचा. अशा चरात मीटरमागे १८० लिटर पाणी मावतं. आपल्या एकरात साठ-साठ मीटरचे तीन चर बसले तर एका भरण्याला ३२,००० लिटर आणि पावसाळ्यात तो भरतो-मुरतो तो कितीतरी वेळा. बांधाच्या खालच्या अंगाला फळझाडं लावायची, त्यांच्या मुळांना हे मुरलेलं पाणी मिळतं.

दोन गोष्टींत मात्र हयगय नको. प्रत्येक चराला एका टोकाला सांडवा हवा, बांधाच्या माथ्यापेक्षा वीतभर खाली आणि दगड बसवून पक्का केलेला. ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि पाण्याला वाट नसली की वरचा बांध फुटतो, त्याच्या लोंढ्याने खालचा फुटतो आणि एका रात्रीत माती ओढ्याला जाते. दुसरं, हे सगळं मुरमाड-मध्यम जमिनीसाठी आहे. खोल काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, चरात साचून राहतं आणि झाडांची मुळं कुजतात. तिथे अगदी हलका उतार देऊन पाणी सावकाश बाहेर काढणारे चर बरे. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथेही आधी निचरा, मग मुरवणं. कातळावरचा मे महिना मात्र देशावरच्यासारखाच कोरडा असतो.

पाण्यापासून आखणी करण्याचा हा विचार पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्याला नवा नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला पाणी पंचायत उभी केली, तिथे पाणी माणशी वाटलं, जमिनीच्या मालकीवर नाही: माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला आणि उसाला थेंब नाही. आधी पाणी किती ते ठरवायचं आणि मग पीक, ही त्यांची शिस्त घरच्या बागेलाही तंतोतंत लागू पडते.

रोजची वाट

पर्माकल्चरमध्ये जमिनीचे विभाग पाडतात. घर म्हणजे शून्य, दाराशी एक, त्यापुढे दोन आणि असं करत पाचवा विभाग रानासाठी मोकळा सोडलेला. पुस्तकात ही वर्तुळं सुबक असतात. एकरात ती तशी बसत नाहीत आणि बसवायचीही गरज नाही. एकच प्रश्न विचारायचा: या ठिकाणी मी दिवसातून किती वेळा येणार?

फोडणी टाकल्यावर कढीपत्ता आणायला जावं लागतं, तो स्वयंपाकघराच्या दारापासून दहा पावलांवर हवा. कोथिंबीर, मिरची, गवती चहा, पुदिना, ओवा तिथेच. रोज खुडायची भाजी, म्हणजे मेथी, पालक, भेंडी, गवार ही कोंबड्यांच्या खुराड्याकडे किंवा विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर. वाटेवरची भेंडी जून होत नाही. आडबाजूची भेंडी दिसते तेव्हा ती दोरखंड झालेली असते. आठवड्यातून एकदा बघायची झाडं, लिंबू, डाळिंब, पेरू, त्यापलीकडे. कांदा, हरभरा, ज्वारी, तूर आणखी लांब. अगदी कडेचा एखादा गुंठा करवंदं, बोरी, घाणेरी अशा जे उगवेल त्याला सोडून द्यावा. मधमाश्या, सरडे, बेडूक तिथून येतात आणि अर्धी कीड तेच आटोक्यात ठेवतात.

सावली कुणाची कुणावर

हा भाग लोक सर्रास विसरतात आणि चूक कळते पाच वर्षांनी, झाड मोठं झाल्यावर. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे सहा मीटर उंचीच्या झाडाची सावली उत्तरेकडे साडेपाच मीटर पडते. भाजीच्या वाफ्यांच्या दक्षिणेला आंबा लावला तर रब्बीचा सगळा हंगाम, म्हणजे टोमॅटो, वांगी, कोबी, गाजर, सावलीत जातो. हीच भाजी बागेतलं सगळ्यात जास्त उत्पन्न देते.

मे महिन्यात उलट. मध्यावर पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि दुपारी आपली सावली पायाखाली नाहीशी होते. तेव्हा त्रास देतं ते दुपारी तीननंतरचं पश्चिमेचं ऊन. म्हणून मोठी झाडं वाफ्यांच्या उत्तरेला आणि पश्चिमेला लावावीत. उत्तरेकडच्या झाडाची सावली हिवाळ्यात भाजीवर येत नाही. पश्चिमेकडचं झाड उन्हाळ्यातली संध्याकाळ सोसण्याजोगी करतं आणि पावसाळी वाराही अडवतं. आपल्या उदाहरणात घर पश्चिमेलाच आहे, त्यामुळे त्याच्या पूर्वेचे वाफे दुपार कलली की आपोआप सावलीत येतात. तोच आपला उन्हाळी गुंठा. एप्रिल-मेमध्ये चालू ठेवायचे वाफे ठरवायला यापेक्षा चांगलं कारण नाही.

झाडं, त्यांच्या वयाप्रमाणे

‘सात थरांची जंगलबाग’ असं चित्र खूप फिरतं. कुळागरात ते खरं आहे, कारण तिथे पाणी खेळतं आणि हवा दमट असते. ६०० मिलिमीटरच्या प्रदेशात सात थर लावले की सगळेच उपाशी राहतात. इथे तीन थर पुरेत: विरळ सावलीची झाडं, त्यांच्यावर वेल, खाली कंद किंवा भाजी. शेवगा, हादगा, पपई यांची सावली चाळणीसारखी झिरपती असते. त्यांच्याखाली हळद, आलं, सुरण खुशाल येतात. आंबा-चिंचेखाली काही विशेष येत नाही, ती शेताच्या कडेलाच बरी.

अंतर ठरवताना रोप बघू नका, दहा वर्षांनंतरचं झाड बघा. आंब्याला पारंपरिक अंतर दहा मीटर, नारळाला साडेसात, लिंबाला सहा, सीताफळाला चार ते पाच. रोप लावल्यावर मधली जागा उजाड वाटते आणि हात शिवशिवतात. ती जागा अल्पायुषी झाडांनी भरायची. शेवगा बियाण्यापासून सहा-आठ महिन्यांत शेंगा देतो, पपई वर्षाच्या आत. सीताफळ तीन-चार वर्षं घेतं, आंब्याचं कलम चार-पाच. आंब्याने हातपाय पसरेपर्यंत मधली पपई आपलं आयुष्य संपवून गेलेली असते. आंब्याच्या शेजारी गिरिपुष्पाच्या फांद्या खोचाव्यात. ते हवेतलं नत्र धरतं, वर्षातून दोन-तीनदा छाटलं की पाल्याचं खत होतं, आणि मोठं होऊन कलमावर सावली धरू लागलं की बिनदिक्कत तोडता येतं.

नव्या झाडांचे पहिले दोन-तीन उन्हाळे हाच खरा कसोटीचा काळ. त्याला जुना उपाय मडक्याचा: रोपापासून हातभर अंतरावर भाजलेलं, पण झिलई न केलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर चपटा दगड ठेवायचा. पाणी मातीतून पाझरत राहतं, मुळं मडक्याकडे येतात, आठवड्यातून दोनदा भरलं तरी भागतं. वीस झाडांना वीस मडकी. म्हणून पहिल्या वर्षी जेवढ्यांना मडकी भरता येतील तेवढीच झाडं लावा.

वाफे

वाफा चार फूट रुंद, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचावा एवढा, आणि वाट दीड फुटाची. वाफ्यात पाय टाकायचा नाही. उंच वाफ्यांची छायाचित्रं बघून अनेक जण विटा रचून फूटभर उंच वाफे बांधतात. थंड, ओल्या देशांत ते बरोबर आहे. तिथे माती लवकर तापायला हवी असते. देशावरच्या उन्हाळ्यात उंच वाफा चारही बाजूंनी सुकतो. पावसाळी वाफे वीतभर उंच ठेवा, उन्हाळी गुंठ्यातले मात्र जमिनीपेक्षा तीन-चार बोटं खोलगट, म्हणजे दिलेलं पाणी तिथेच राहतं.

आच्छादन उन्हाळ्यात पाच-सहा बोटं जाड हवं: गव्हाचं काड, उसाचं पाचट, गिरिपुष्पाचा पाला, जे जवळ मिळेल ते. खोडाला ते टेकू देऊ नका, नाहीतर वाळवी चढते, आणि घराच्या भिंतीलगत ढीग नको, कारण गारव्याला साप-विंचू येतात. शेणखत असेल तर उत्तम, गाय-म्हैस नसेल तर शेजारच्याकडून एक ट्रॉली घ्या. जीवामृत करायचं तर एकराला २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असं प्रमाण रूढ आहे. तीन गुंठ्यांना त्याचा दहावा भागसुद्धा पुरतो. पण काडीकचरा शेतातच जिरवला नाही तर नुसत्या जीवामृताने माती सुधारत नाही.

खरिपात भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलं, काकडी, अंबाडी, माठ. रब्बीत मेथी, पालक, मुळा, गाजर, वांगी, टोमॅटो, घेवडा, कांदा, लसूण. उन्हाळी गुंठ्यात तांदुळजा, चवळी, गवार आणि थोडी भेंडी, कारण ही ऊन सोसतात. मेमध्ये कमी पडणारी भाजी वाफ्यातून काढायच्या हट्टाला पेटू नका, ती आधीच साठवून ठेवा. हिवाळ्यात काढलेला लाल भोपळा हवेशीर माळ्यावर उन्हाळ्यापर्यंत टिकतो, कोहळा त्याहून जास्त. सुरण, कांदा, लसूण असतातच. गवारीच्या, कारल्याच्या वाळवलेल्या चकत्या, कोहळ्याचे सांडगे, सुकवलेली मेथी आणि अंबाडी हे सगळं वाळवण मे महिन्याचीच तजवीज आहे. शेवग्याच्या शेंगा आणि पाला, मोरीवरचं अळू, हिरवी केळी यांनी उरलेली जागा भरते. तीन गुंठ्यांची बाग उन्हाळ्यात एक गुंठा झाली तरी घराला भाजी कमी पडत नाही, ती अशी.

कुंपणाचं थोडक्यात: शेळ्यांना निर्गुडी आवडत नाही, तिच्यात करवंद आणि सागरगोटा मिसळून लावले की तीन-चार वर्षांत दाट होतं. तोवर तारेची किंवा काट्यांची सोय करावीच लागते, मोकाट जनावरं एका रात्रीत वर्षाचं काम संपवतात. पाच-सहा गावरान कोंबड्या स्वयंपाकघराचा उष्टा-खरकटा आणि किडे खातात, खत देतात. पण वाफ्यात पेर झाल्यावर त्यांना आत सोडू नये.

बियाणं

पहिल्या वर्षी बियाणं मागून आणावं लागेल. ते विकत घ्याल तर सरळ वाणाचं घ्या, संकरित नको, म्हणजे पुढच्या वर्षी तुमचं तुम्हाला धरता येईल. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती याच कामासाठी. वाल, घेवडा, भाताचे जुने वाण त्यांनी घरात मातीच्या मडक्यांत जपले आणि गावोगावच्या बायकांना परसबागेसाठी दिले. त्यांच्या भागासारखे बियाणं राखणारे बचत गट आता बऱ्याच तालुक्यांत आहेत, आधी तिथे चौकशी करावी.

स्वतः बी धरायला सुरुवात करताना चवळी, वाल, घेवडा, मेथी आणि टोमॅटो घ्या. यांची फुलं बहुतेक आपल्या आपणच फळतात, त्यामुळे शेजारी दुसरा वाण असला तरी बी सहसा भेसळत नाही. दोडका, काकडी, भोपळा यांचं परागीभवन मधमाश्या करतात. एकाच वेलभाजीचे दोन वाण जवळ असले तर त्यांचं बी मिश्र निघतं, म्हणून त्यांचा एका वर्षी एकच वाण लावावा. ओळीतलं सगळ्यात जोमदार झाड निवडून त्याला चिंधी बांधा, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर ती शेंग भाजीत जाते. शेंग झाडावरच वाळू द्या, बी सावलीत सुकवा, राखेत घोळून कोरड्या मडक्यात भरा आणि वर वाणाचं नाव आणि साल लिहा. चार माणसांच्या घराला चवळीचं मूठभर बी पुढच्या वर्षी पुरून उरतं, जास्तीचं शेजारी द्या.